ऊब, बंध आणि राखण

पाळलेल्या प्राण्याला अन्न, पाणी आणि आसरा द्यावा, हे धर्मशास्त्राला आणि लोकव्यवहाराला सारखेच मान्य असलेले तत्त्व आहे. परंतु साप पाळायचा झाल्यास या तिन्हींच्या आधी येणारी एक चौथी गोष्ट द्यावी लागते, आणि ती म्हणजे ऊब. गाय, कुत्रा, मांजर यांचे शरीर खाल्लेल्या अन्नातून आपली उष्णता आपणच निर्माण करते, म्हणून गोठ्यात किंवा ओसरीवर त्यांचे भागते. साप मात्र बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे शरीर तापवण्यासाठी लागणारी उष्णता तो ऊन, दगड, माती आणि हवा यांच्याकडून घेतो. अशा प्राण्याला ‘थंड रक्ताचा’ म्हणण्याची रूढी दिशाभूल करणारी आहे, कारण उन्हात पसरलेल्या धामणीचे रक्त चांगलेच ऊन असते. फरक एवढाच की तिची चूल शरीराच्या बाहेर मांडलेली असते. माणूस सापाला पेटीत ठेवतो तेव्हा प्रथम तो त्याला या चुलीपासून तोडतो आणि मग विजेच्या साधनाने तीच चूल त्याच्यासमोर पुन्हा पेटवून देतो. हे पेटवून देणे दान मानावे की ऋणफेड, आणि ऋणफेड असेल तर ती कधी पुरी होते का, हा येथे विचारासाठी घेतलेला प्रश्न आहे.

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर ही बाहेरची चूल उघड दिसते. देवगड, मालवण, वेंगुर्ले या तालुक्यांत जांभ्याचे उघडे सडे, चुन्याशिवाय रचलेले चिऱ्यांचे गडगे, माडाच्या आळ्यातला ओला पाला आणि झाडाखालची वारुळे अशी कमीअधिक उष्णतेची ठिकाणे काही पावलांच्या अंतरावर नांदत असतात. सकाळचे ऊन गडग्यावर आले की धामण त्यावर पसरते, चिरा पोळू लागला की फटीत शिरते, आणि दिवसभराचे ऊन पोटात साठवलेला तोच चिरा रात्री तिला आतून ऊब देत राहतो. ही ये-जा निव्वळ सुखासाठी चाललेली नसते. पोटातले पाचक स्राव पुरेशा उष्णतेतच काम करतात, त्यामुळे भक्ष्य गिळल्यावर ऊब मिळाली नाही तर ते पोटात कुजते किंवा साप ते ओकून टाकतो. आजारपणातही हाच नियम लागू पडतो. १९७५ साली अमेरिकेत वाळवंटी इग्वाना सरड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांपैकी उष्ण जागेत ठेवलेले सरडे थंड जागेतल्यांपेक्षा अधिक संख्येने वाचले, आणि मोकळीक मिळाली की आजारी सरडे स्वतःहून अधिक उष्ण जागा शोधतात हेही याच संशोधनाच्या ओघात दिसून आले. माणसाला ताप येतो. या प्राण्यांना तो चालत जाऊन आणावा लागतो.

या साध्या जीवशास्त्रीय गोष्टीला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोठे वजन आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत आत्म्याची ओळख पटवणारी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितली आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. सापाच्या बाबतीत या खुणा शोधायला फार दूर जावे लागत नाही. उन्हाकडे सरकणे ही त्याची इच्छा, पोळणाऱ्या दगडापासून मागे फिरणे हा त्याचा द्वेष, आणि या दोन टोकांमध्ये दिवसभर चाललेले सरपटणे हा त्याचा प्रयत्न होय. ज्या प्राण्याला फुत्कारापलीकडे आवाज नाही, चेहऱ्यावर भाव नाही, पापण्यांची उघडझापही नाही, त्याचे आत्मत्व प्रकट होण्याची मुख्य जागा ऊन आणि सावली यांच्यामधली ही वाट आहे. पेटीत सगळीकडे एकसारखी उष्णता ठेवली तर साप जगेल कदाचित, पण त्याला इच्छा करायला आणि प्रयत्न करायला तेथे काही उरणार नाही.

म्हणूनच योग्य रीतीने तापवलेल्या पेटीचे सगळे तंत्र या एका वाटेभोवती फिरते. भारतात नाग, धामण, घोणस, अजगर असे देशी साप घरात बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्यामुळे कायद्याच्या चौकटीत हा प्रश्न उठतो तो परदेशी सापांपुरता. त्यांतील बऱ्याच जातींची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी सक्तीची केली आहे. या व्यापारात सर्वांत परिचित आहे तो पश्चिम आफ्रिकेतला लहान अजगर, ज्याला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की तो चेंडूसारखे वेटोळे करून डोके आत लपवतो. त्याच्या पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २६ अंशांच्या आसपास ठेवावी लागते, म्हणजे पेटीच्या लांबीभर उष्णतेचा उतार तयार होतो आणि साप त्यावर आपली जागा ठरवू शकतो. उष्णता देणारा दिवा किंवा पट्टी थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या अंशावर वीज आपोआप तोडणाऱ्या आणि जोडणाऱ्या यंत्राला, जोडलेली असावी लागते, आणि त्याचा मापक साप जेथे प्रत्यक्ष टेकतो तेथे बसवावा लागतो. काचेवर वर चिकटवलेला मापक वरच्या हवेचे खरे सांगतो आणि सापाच्या पोटाखालचे सांगत नाही. दगडासारखी दिसणारी विजेची तापती साधने विशेष धोक्याची, कारण पोटाखालचा चटका सापाला वेळेवर उमगत नाही आणि तो भाजत असतानाही तेथेच पडून राहतो.

या तंत्रातला सर्वांत बोलका नियम लपण्याच्या जागेविषयीचा आहे. उष्ण बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा दोन लपणी द्याव्यात, असे जाणकार सांगतात. लपण थंड बाजूलाच असेल तर भित्रा साप ऊब सोडून तेथेच दडून बसतो आणि त्याचे अन्न पचत नाही. लपण उष्ण बाजूलाच असेल तर तो सुरक्षिततेच्या मोबदल्यात उष्णता सोसतो. ऊब आणि निर्धास्तपणा यांपैकी एकच घे, असे म्हणणे म्हणजे निवड देण्याचा देखावा करून ती काढून घेणे होय. किनाऱ्यावरच्या हवेत याला आणखी एक बाजू आहे: येथे थंडीपेक्षा वैशाख अधिक जड जातो, उन्हात राहिलेली काचेची पेटी थोड्याच वेळात मारक ठरते, आणि पावसाळ्यात वीज गेली की काल पुरेशी असलेली ऊब आज नसते. सूर्याचे काम अंगावर घेणाऱ्याला सूर्याइतके नियमित राहावे लागते.

उष्ण पात्रात सर्प वाढवण्याची कल्पना मराठी वाचकाला वाटते तितकी नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वात कश्यपाच्या दोन पत्नी, कद्रू आणि विनता, यांची कथा आहे. कद्रूने हजार नागपुत्र मागितले आणि विनतेने दोनच पुत्र, परंतु अधिक बलवान असे. दोघींची अंडी दासींनी ‘सोपस्वेद’ पात्रांत, म्हणजे दमट ऊब असलेल्या भांड्यांत, पाचशे वर्षे ठेवली. कद्रूचे पुत्र वेळेवर बाहेर आले. विनतेला धीर निघाला नाही, तिने एक अंडे फोडले, आणि कमरेखालचे शरीर अजून घडले नव्हते असा अरुण बाहेर आला. आईच्या उतावळेपणाने झालेल्या या अपुऱ्या घडणीसाठी त्याने तिला दासीपणाचा शाप दिला. पुढे गरुड नागांना पाठीवर घेऊन सूर्याजवळून उडतो तेव्हा ते उष्म्याने मूर्च्छित होतात आणि कद्रू इंद्राची प्रार्थना करून पाऊस पाडवते. महाभारताच्या प्रचलित पाठांनुसार तोच अरुण सूर्याचा सारथी होऊन त्याच्या पुढे उभा राहतो आणि जगाला भाजून काढणारे तेज आपल्या अंगावर झेलतो.

या तीन प्रसंगांना एकत्र ठेवले तर उष्णतेविषयी एक सलग विचार हाती लागतो. पात्रातली ऊब जीव घडवते, पण तिला काळ द्यावा लागतो. सूर्याची जवळीक त्याच जीवांना मूर्च्छा आणते. आणि या दोहोंच्या मध्ये मर्यादा राखणारा कोणी तरी उभा असावा लागतो. आदिपर्वातला आणखी एक मोठा सर्पप्रसंग राजा जनमेजयाच्या सर्पसत्राचा आहे, त्यात साप अग्नीत पडत जातात आणि आस्तिक ऋषी ते सत्र थांबवतो. पोसणारी ऊब आणि जाळणारी आग यांत पदार्थ एकच असतो. त्याला ऊब करायचे की आग, हे प्रमाणावर आणि देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असते.

प्रमाण सांभाळले की दोष संपतो का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला जैन आचारशास्त्राने सर्वांत काटेकोर उत्तर दिलेले आहे. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत न मोडताही त्याला डाग लावणारे दोष, दिले आहेत: बंध म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे झेपेपेक्षा जास्त ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी अडवणे. ही यादी बैल, घोडा, हत्ती अशा पाळीव जनावरांना नजरेसमोर ठेवून केलेली दिसते, आणि म्हणून तिच्यात ऊब अडवण्याचा वेगळा दोष नाही. परंतु तिचा आशय सापाला लावला तर ऊब अन्नपाननिरोधाच्या कक्षेत येते, कारण ऊब नसेल तर पुढ्यात टाकलेला उंदीर सापासाठी अन्न राहत नाही, पोटातले विष होतो. जो मालक वेळेवर खाऊ घालतो पण पेटी गार ठेवतो, तो दिसायला अन्नदाता आणि परिणामाने अन्न अडवणारा ठरतो. योग्य पेटी पाचवा दोष टाळते. पहिला, बंधाचा दोष, मात्र जसाच्या तसा राहतो, आणि साप मांसाहारी असल्याने त्याच्यासाठी मारल्या जाणाऱ्या उंदरांचा हिशेब त्यात वेगळा जोडावा लागतो.

जैन परंपरेतली पार्श्वनाथांची कथा याच ठिकाणी आठवते. कमठ नावाचा तपस्वी अग्नी पेटवून तप करीत होता, आणि त्याने आगीत घातलेल्या ओंडक्याच्या पोकळीत साप होरपळत होता. पार्श्वनाथांनी ते ओळखले आणि ओंडका फोडायला लावला. कमठाचा हेतू सापाला जाळण्याचा नव्हता. त्याला ओंडक्यात कोणी आहे याची खबरच नव्हती. दुसऱ्याच्या शरीराला काय लागते आहे याविषयी बेखबर राहणे हाच त्या कथेतला दोष आहे, आणि मापक न लावता तापवलेली पेटी त्या ओंडक्याहून फार वेगळी नसते.

याच्या विरोधी बाजूनेही बोलता येते आणि ते हलके मानण्यासारखे नाही. मुंगूस, घार, गाडीची चाके आणि माणसाची काठी यांच्या तावडीतला रानटी साप अनेकदा अल्पायुषी ठरतो, तर नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. मग ऊब, अन्न आणि अभय देणारी पेटी रानापेक्षा बरी का नव्हे? या युक्तिवादाची त्रुटी अशी की तो आयुष्याची लांबी मोजतो आणि आयुष्य चालवणारा कोण हे विचारीत नाही. हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो: पुण्यात १९८० साली सर्पमित्र नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले. साप विनाकारण माणसावर चालून येत नाही हे त्यातून लोकांना दिसले. त्या खोलीत माणूस स्वेच्छेने गेला होता आणि बाहेर येण्याची घटका ठरलेली होती. पाळीव सापाच्या पेटीला या दोन्ही गोष्टी नसतात. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी विषासाठी साप ठेवले गेले, त्या बंधामागे दंश झालेल्यांचे प्राण वाचवण्याचा हेतू आहे, आणि त्यामुळे तेथला बंध निर्दोष ठरत नसला तरी त्याला मोबदल्यात काही सांगता येते. शोभेसाठी किंवा हौसेसाठी घातलेल्या बंधाला तेवढेही सांगता येत नाही.

सिंधुदुर्गाच्या लोकधर्माने हे नाते मुळातच उलट्या बाजूने बांधलेले आहे. येथील गावोगावची देवी सातेरी ही वारुळाची देवी; वेंगुर्ल्याची ती ग्रामदेवता आहे, मालवण तालुक्यातल्या बिळवस येथे पाण्याने वेढलेले तिचे जलमंदिर आहे, आणि गोव्यात सांतेरी या नावाने तिचे शांतादुर्गेशी ऐक्य मानले जाते. काही देवळांत गाभाऱ्यातली मूळ देवता म्हणजे प्रत्यक्ष वारूळच, ज्याला गोव्यात रोयण म्हणतात, आणि त्यावर मुखवटा किंवा वस्त्र चढवलेले असते. म्हणजे येथे माणसाने सापासाठी घर केले नाही. वाळवीने केलेले आणि सापाने आसरा घेतलेले घर जेथे होते तेथे माणसाने भोवती भिंती उभारल्या आणि आपण पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण सापाला ऐतखाऊ ठरवते, पण तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: साप घर बांधत नाही, तो योग्य उष्णतेचे घर निवडतो. वारूळ हे असे घर का ठरते, याचा उलगडा बेंगळुरू येथील वारुळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून अंशतः होतो: दिवसा वारुळाच्या बाहेरच्या पातळ भिंती गाभ्यापेक्षा अधिक तापतात आणि हवा कडेने वर चढून मधून खाली येते, रात्री हाच प्रवाह उलटा फिरतो, आणि दिवसरात्रीच्या या तापण्यानिवण्यावरच वारूळ श्वास घेते. वीज, मापक आणि यंत्र यांच्याशिवाय चालणारी ही उबदार पेटी आहे, आणि तिला झाकण नाही.

कोकणी माणूस सापाला ‘राखणदार’ म्हणतो, हा शब्द येथे तपासण्याजोगा आहे. पाळणे आणि राखणे या दोन क्रियापदांत कर्ता कोण हे बदलते: पाळलेला साप माणसाच्या ताब्यात असतो, तर राखणदार सापाच्या राखणीत माणसाची जागा असते. रात्री त्याचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणणे, दंश झाल्यास ‘पान लागले’ असे आडवळणाने सांगणे, यांत भीती आहे, तशीच एक अंतर ठेवण्याची शिस्तही आहे. बॉल पायथनच्या मायभूमीतही असेच नाते आढळते. हा अजगर तेथे उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो, आणि बेनिन देशातल्या ऊइदा शहरी त्याचे देऊळ आहे, जेथे तो दांगबे या देवतेचे रूप मानला जातो. अजगरांना बाहेर हिंडायला सोडले जाते आणि एखाद्याच्या घरात शिरलेल्या अजगराला पाहुण्याचा मान देऊन परत आणले जाते. सातेरीचे वारूळ आणि दांगबेचे देऊळ यांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नाही, तरी दोघांनी दार उघडे ठेवले आहे.

परंपरा म्हणून सगळे निर्दोष, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग, ज्याचे दात काढलेले असतात आणि ज्याला न पचणारे दूध पाजले जाते, हाही धर्माच्या नावाने घातलेला बंधच होता. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी जिवंत नाग पकडण्याची प्रथा न्यायालयाला रोखावी लागली. सातेरीला नमस्कार करणारे हातही परसातले वारूळ जागा सपाट करताना फोडतात. तरीही नागपंचमीच्या जुन्या आचारात एक सूक्ष्म जाण टिकून राहिली आहे: त्या दिवशी जमीन खणायची नाही, चिरायचे-कापायचे नाही, आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवर उकडतात. या आचाराचा उगम काहीही असो, त्याचा अर्थ सापाच्या शरीराशी जुळतो, कारण चटका देणारी तापलेली पृष्ठे आणि बिळावर पडणारी कुदळ हे त्याचे दोन शत्रू, आणि चहूबाजूंनी येणारी दमट ऊब हा त्याचा मित्र. पूजेपेक्षा हा संयम सापाच्या अधिक उपयोगी पडतो.

उबेचे निखळ दान कशाला म्हणावे, याचे उदाहरण शेवटी सापांच्याच कुळात सापडते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि काही जातींत थंडी वाढली की स्नायूंना सारखे आचके देत उष्णता निर्माण करते. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलन्सिएन यांनी अंडी उबवणाऱ्या मादीची ही उष्णता मोजून दाखवली. एरवी बाहेरच्या चुलीवर जगणारा हा प्राणी फक्त संततीसाठी स्वतःच्या अंगाची चूल पेटवतो, त्यासाठी महिने-महिने उपाशी राहतो, आणि अंडी फुटली की पिल्ले आपल्या वाटेने जातात. येथे देणाऱ्याने आधी काही घेतलेले नाही आणि नंतर काही ठेवलेले नाही, म्हणून हे दान आहे.

पेटीतल्या सापाला ऊब देणारा माणूस या कसोटीवर दाता ठरत नाही. तो ऋणको आहे, आणि त्याचे ऋण साप जगेल तितकी वर्षे रोज नव्याने चढते. ज्याच्या घरी असा परदेशी साप आधीच आहे, त्याने तो कोकणच्या रानात सोडणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल. त्याने उष्णतेचा उतार, दोन लपणी, खरा मापक आणि वीज गेल्यावरची सोय यांत कसूर करू नये, आणि हे करताना पुण्य जोडल्याचा समज बाळगू नये. ज्याच्या घरी तो अजून आलेला नाही, त्याला हे ऋण काढण्याचे कारण नाही. मालवणच्या किनाऱ्यावर गडगा, कातळ आणि वारूळ ही सापाची उबदार घरे आधीपासून उभी आहेत, आणि ती न मोडणे एवढीच माणसाच्या वाट्याची राखण आहे.